अकराव्या मजल्यापाशी

"तीन म्हटलं की ओढायचं," तिने पुन्हा बजावलं. "एक, दोन, तीन!"

तिने आपल्या टोकाचा दांडा ओढला. इमारतीबाहेर दोरांवर लटकलेला पाळणा तिच्या बाजूने वीतभर खाली गेला, तिरका झाला आणि साबणाच्या पाण्याची बादली घसरत तिच्या पायाशी आली. तिने झटकन दांडा सोडला. दादाचं टोक जागचं हललंही नव्हतं.

काचा धुवायचं काम उद्या सुरू व्हायचं होतं. सुरक्षेची सगळी आखणी तिची. आणि आखणी केली की आधी स्वतः पाळण्यात चढून बघायचं, हा तिचा हट्ट. सोबतीला तिचा सख्खा मोठा भाऊच होता. त्याची हयात उंच इमारतींच्या काचा पुसण्यात गेली होती. अकराव्या मजल्यापाशी पाळण्याच्या दोन्ही मोटरी एकदम गप्प झाल्या होत्या.

"बोर्ड जळालाय, ताई," गच्चीवरचा वायरमन वॉकीटॉकीवर म्हणाला होता. "हातानेच उतरा."

आखणीत तीही सोय होती. दांडे ओढून दोन्ही टोकांचे ब्रेक एकाच वेळी सोडले, की पाळणा सावकाश खाली येतो. फक्त दोघांनी मिळून सोडायला हवेत.

"दांडा अडकलाय का रे?"

"नाही."

"मग?"

"हात सुटत नाहीये, छोटे."

तिला वाटलं, मस्करी करतोय. दोराला लोंबकळत गाणी म्हणणारा म्हणून त्याला सगळे गमत्याच म्हणत. मग तिने त्याच्या मुठी पाहिल्या. कठडा आवळून बोटं पांढरीफटक पडली होती.

"कधीपासून होतंय हे?"

"झाली काही वर्षं. पाळणा चालता असला की निभतं. थांबला, की संपलं."

"वहिनीला माहीत आहे?"

"वेडी आहेस का? पोरं मित्रांना घेऊन येतात मला बघायला."

बंद काचेपलीकडे चहाचा कप घेतलेली एक बाई थबकली. तिने हात हलवला. दादाने लगेच बत्तीशी दाखवली. मुठी मात्र तशाच आवळलेल्या.

ती कठड्याला धरत त्याच्यापाशी सरकली. त्याचं एकेक बोट सोडवून दांड्यावर ठेवलं. लहानपणी तो तिची बोटं पेन्सिलीवर ठेवी, तसं.

"डोळे मिटून घे. माझा आवाज ऐक फक्त," ती म्हणाली आणि आपल्या टोकाला परतली.

ते उतरले. मजल्यामजल्याला थांबत, दोनदा तिरके होत.

खाली साइटचे साहेब आणि चारपाच माणसं जमली होती.

"मध्येच वाकडे का झालात?" साहेबांनी विचारलं.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "टरकलो, साहेब. हातच सुटेना माझा."

एकच हशा पिकला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू सुधारणार नाहीस!"

दादा क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तोही हसू लागला.

"हसू नका," ती म्हणाली. "खरं सांगतोय तो. उद्यापासून तो वर जाणार नाही."

कुणीतरी उगाच खाकरलं. दादाने मान खाली घातली आणि छातीवरच्या सुरक्षा-पट्ट्याचं बक्कल चाचपू लागला. ते निघेना. ती मदतीला पुढे झाली.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "एवढं जमतं मला."

माणसं पांगली, तरी तो तिथेच उभा होता. पट्टा अंगावर तसाच.