देवांना बोलावणे बाकी

पेणच्या एसटी स्टँडमागं पोपट म्हात्रेचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान. माणूस पन्नाशीचा, पण अंगातली खोडी विशीतली. गिऱ्हाइकाच्या फोनला रेड्याचं रेकणं लावून द्यायचा आणि वर सांगायचा, "नवीन अपडेट हाय, चार दिवसांत सवय व्हईल."

अशा माणसाकडं एका कंपनीच्या पोरानं नवं ॲप तपासायला दिलं. आपण बोलायचं, ॲपनं ऐकून टिपण लिहायचं. पंधरा दिवस वापरा, शेवटी तारे द्या, मत लिहा.

पहिल्याच दिवशी पोपटनं त्याला मासळीबाजारातलं भांडण ऐकवलं. आया-बहिणी, झिंज्या, सगळं. ॲपनं लिहिलं: 'दोन महिलांमध्ये दराबाबत सविस्तर चर्चा.' पोपटनं ते वाचून अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

तेव्हाच त्याला काशीबाई आठवली.

पोपटची पोर अपेक्षा, वैशाखात तिचं लग्न. बँड नको, डीजे नको, तिला धवला पाहिजे होता. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसून तास-तास गाते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, तो धवला. पुरा धवला येणारी खाडीपट्ट्यात एकटी काशीबाई उरली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हल्ली मधली कडवी सुटायला लागलेली. वैशाखापर्यंत किती सुटतील, याचा नेम नव्हता.

पोपट तिच्या ओटीवर गेला. "आत्या, एकदा फोनसमोर बोल. लिहून ठेवतो."

"धवला मांडवाशिवाय बोलत नाय रं. आणि एका घराला एकदाच. माज्या सासूनं आण घातलीय."

"मंग मांडव घालू."

"घाल की. तुज्या पोरीचा घालशील तवा येईन."

दुसरा कुणी असता तर गप बसला असता. पोपटला वाटलं, म्हातारीला फसवण्यात कसलं पाप, तिच्याच गाण्याचं भलं होतंय.

त्याचा भाचा प्रणित रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपनीत होता, खोली तिथंच. रोह्याकडं काशीबाईला ओळखणारं कुणी नव्हतं. पोपटनं आंब्याचे डहाळे बांधून खोलीसमोर मांडव घातला आणि प्रणितला नवरा केला. खोट्या मांडवात बसायला कोण आपली पोर देणार? म्हणून प्रणितच्या खोलीतला जोडीदार आदेश साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन नवरी झाला. दोघंही पहिली शिफ्ट करून आलेले.

"मामा, हसू आलं तर?" आदेशनं विचारलं.

"पदर तोंडात कोंब."

भाच्याचं लग्न म्हणून काशीबाईला रिक्षानं आणलं, फोन पाटाखाली ठेवला. काशीबाई बसली आणि गायला लागली. गावदेवी आली, मिठागरावरचा राखणदार आला, वेशीवरचा आला, पाण्यातला आला. जी कडवी सुटायची तीसुद्धा त्या दिवशी एकामागोमाग आली. आदेशचं हसू पहिल्या अर्ध्या तासातच मेलं.

मधे हळद लावायला तिनं नवरीचा हात हातात घेतला. बोटं तळव्यावरून फिरली, मनगटावर थांबली. आवाज एक श्वासभर तुटला. पोपटला वाटलं, विसरली. पण तिनं हळद लावली आणि पुढचा देव बोलावला. अडीच तासांनी धवला पुरा करूनच उठली.

परतताना रिक्षानं कासू गाव ओलांडलं. तेव्हा ती म्हणाली, "नवरीच्या हाताला कंपनीचा वास येतो रं."

"धाटावात सगळ्यांच्याच हाताला येतो, आत्या."

"आणि मनगटावरचे केस?"

पोपटनं विचारलं, "मंग थांबली का नायस?"

"अर्धा टाकलेला धवला कुनाच्यातरी पोरीला लागतो. मांडव तुजा व्हता. पोर तुज्याच घरात हाय."

तिला दारात सोडून पोपट दुकानात आला. ॲप उघडलं.

'सारांश: विवाहपूर्व तयारीबाबत एका ज्येष्ठ महिलेचे मनोगत. पुढील कामे: १. हळद आणणे. २. तांदूळ निवडणे. ३. देवांना बोलावणे. जबाबदार व्यक्ती: नेमलेली नाही. तारीख?'

सवयीनं पोपटला हसू आलं. सवयीनंच त्यानं तारखेत अपेक्षाच्या लग्नाची तारीख टाकली. मग आवाज शोधायला लागला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आपल्या पसंतीनुसार जागा वाचवण्यासाठी मूळ ध्वनी काढून टाकला आहे.' ॲप घेताना आलेल्या पानावर त्यानंच न वाचता 'होय' दाबलं होतं. बारा वर्षं गिऱ्हाइकांना तो ह्यावरूनच शिव्या घालत आला होता.

पंधराव्या दिवशी एक तरी तारा दिल्याशिवाय मताचा फॉर्म पुढं जाईना. पोपटनं एक दिला. मतात लिहिलं: 'ऐकतं बरं. ठेवत काय नाय.' तिकडून लगेच उत्तर आलं, मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार.

लग्नाला काशीबाई आली. नवं लुगडं नेसून, आहेर घेऊन आली आणि बायकांत जाऊन बसली. हळदीची वाटी घेऊन अपेक्षा स्वतः तिच्यासमोर वाकली.

"आजी, बस ना पाटावर. धवला घाल."

"घातला गो तुजा."

"कधी?"

"धाटावला. तुज्या बापानं ऐकलाय सगला. त्याला विचार."

अपेक्षानं बापाकडं पाहिलं. मांडवातल्या बायकांनीही पाहिलं.

तेवढ्यात पोपटच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून बघितला.

'आठवण: देवांना बोलावणे बाकी आहे.'

खाली दोन बटणं होती. 'झाले' आणि 'नंतर सांगा'. अपेक्षा अजून बघत होती. पोपटनं 'नंतर सांगा' दाबलं आणि कॅटरिंगवाल्याला काहीतरी विचारायला म्हणून मांडवाबाहेर गेला.