उभ्या गाडीचे तेल

दाभोशाहून जव्हारला जाणारी जीप ही आमच्या घराची ओळख आहे. माझे नाव धोंडीबाई. परंतु त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाड्यांत मला जीपवाली आजी म्हणतात, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. नवरा गेल्यावर भातशेतीच्या जोडीला ही गाडी मी घेतली आणि मुलगा गोरख याच्या हाती चाक दिले. गाडी कोणत्या पाड्यावर थांबेल आणि पुढच्या सीटवर कोण बसेल, हे मात्र आजतागायत मीच ठरवते.

मागच्या वर्षी तिचे इंजिन बसले. जव्हारच्या तुका मेस्त्रीने ते उघडून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून पुन्हा बांधले. त्याच दिवशी गोरखने मला बजावले, “आये, आता बांधलं ते बांधलं. परत बसलं तर मी गाडी विकून टाकणार. भिवंडीला ट्रकवर डायवर पायजेतच. मोखाड्याचा येसू घ्यायला तयार हाय.”

मुलगा भिवंडीला, सून पुष्पा एकटी शेतावर आणि पाड्यावरची माणसे रस्त्याला ताटकळत उभी, हे चित्र मला मान्य नव्हते. जे मला मान्य नसते, ते आमच्या घरात सहसा घडत नाही.

भाताची झोडणी आटोपल्यावर एका सकाळी गोरख तेल मोजायची पट्टी हातात धरून हसतच ओट्यावर आला.

“आये, बघ. वरून थेंब घातला नाय, तरी तेल खुणेच्या वर चढलंय. लोकांची इंजिनं तेल खातात, आपलं उलट देतंय!”

“मग काढा थोडं, भजी तळते,” पुष्पा चुलीपासून म्हणाली.

मी पट्टीवरचे तेल बोटावर घेतले. ते पाण्यासारखे ओघळले. नाकाशी नेले, तर डिझेलचा वास.

“पाणी घातलं की दूधसुद्धा वाढतं, गोरख,” मी म्हणाले. “गाडी तुकाकडे घे. मी येते.”

त्याचे हसू तिथेच मावळले. बॉनेट लावताना तो पुटपुटला, “येसूला फोन करून ठेवतो.” मी ऐकले नाही असे दाखवले.

तुकाचे गॅरेज जीपांच्या थांब्यासमोरच आहे आणि त्याला लागून माझा भाचा कमलेश याचे स्पेअर पार्टचे दुकान. माझे लुगडे दिसताच कमलेश खुर्ची घेऊन धावला. तुकाने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आणि पंप तपासले. दोन्हींत दोष नव्हता.

“डिझेल तेलात उतरतंय आजी,” तो म्हणाला. “तेल पातळ होतंय. आता जाड घालू, वीस-पन्नास नंबरचं. तेवढंच टिकंल.”

“आत्या, जाडबीड जुन्या काळात,” कमलेशने एक चकचकीत डबा पुढे केला. “हे पाच-तीस. एकदम पातळ, एकदम भारी. नव्या गाड्यांत आता हेच घालतात. ॲव्हरेज वाढतं.”

“त्या नव्या गाड्यांत माणसं किती बसतात?”

“पाच.”

“आणि आपल्या जीपमध्ये?”

गोरख दुसरीकडे पाहू लागला. तुकाला खोकला आला.

“तेव्हा ते कपाटात ठेव,” मी कमलेशला सांगितले. “घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर एवढी माणसं, वर टपावर तांदळाची पोती. तिथे पातळ तेलाचा काय निभाव लागणार? तुका, आता तुझं. तेल जाड घातलं म्हणून डिझेल उतरायचं थांबेल का?”

“थांबणार नाय. पातळ व्हायला जरा उशीर लागंल.”

“म्हणजे इंजिन बसेल, पण जरा उशिरा. आणि थंडीतल्या सकाळी ते जाड तेल वरपर्यंत चढायला वेळ घेईल, तोवर इंजिन कोरडं घासेल. खरं की नाही?”

“खरं,” तुकाने मान डोलावली.

“मग आधी हे सांग, नोझल ठीक असताना डिझेल खाली का उतरतं?”

“इंजिन उभ्या-उभ्या चालू राहिलं तर. ओझं ओढताना ते तापतं, सगळं जळतं. उभं असताना नीट तापत नाय. अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांवरनं खाली जातं.”

“आपली गाडी कुठं उभी असते?” गोरख उसळला. “दिवसभर धंद्यावर असते. तेल पण किलोमीटर बघून टायमात बदलतो.”

मी वाद घातला नाही. त्याला म्हटले, गाडी नंबराला लाव, परतीची सीट भरेपर्यंत मी तिच्यातच बसते; तेलाचे नंतर पाहू.

गोरखने जीप रांगेत लावली, हँडब्रेक ओढला आणि चहाला गेला. इंजिन मात्र तसेच घरघरत राहिले. मागे रामी येऊन बसली. ती आमच्याच पाड्यावरची, मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने आणखी एक जोडपे आले. ऊन माझ्या पायावरून गुडघ्यावर सरकले. गोरख चहा पिऊन आला, तंबाखू मळली, दुसऱ्या ड्रायव्हरांशी गप्पा झाल्या. गाडी जागची हलली नव्हती आणि इंजिन क्षणभरही थांबले नव्हते.

“गोरख, बंद कर ते.”

“आये, बंद गाडीत कोण बसतं?”

मी हात लांब करून चावी फिरवली. इंजिन थांबले. त्याच क्षणी रामी पिशवी घेऊन खाली उतरली.

“रामी, कुठे निघालीस?”

“ती पलीकडची गाडी चालू हाय ना आजी, तीबी आपल्याच रस्त्याची. ती आधी सुटंल.”

“ती कधीपासून चालू आहे?”

“मी आले तवापास्नं.”

“मग सुटली का?”

रामीने त्या गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “नाय सुटली,” ती विचार करत म्हणाली, “पण चालू हाय ना.”

मी काच खाली केली आणि सगळी रांग नजरेखालून घातली. साखरशेतची, जामसरची, आमची, पलीकडची. प्रत्येक जीप धूर सोडत, थरथरत उभी होती, आणि सुटत एकही नव्हती. चालू गाडी आधी सुटते या समजुतीने उतारू चालू गाडीत बसत होते, आणि उतारू चालू गाडीतच बसतात म्हणून प्रत्येक जण गाडी चालू ठेवत होता. किलोमीटरचा काटा एका जागी निजलेला आणि इंजिन दिवसभर राबलेले. आम्ही काट्याला विचारून तेल बदलत होतो.

मी उतरून गॅरेजमध्ये गेले. गोरख मागोमाग आला.

“तुका, सगळं जुनं तेल काढ. फिल्टरही नवा. कमलेश, पंधरा-चाळीस दे, डिझेल इंजिनाचं, ट्रकवाले नेतात ते. डबा पेट्रोल गाडीचा निघाला तर तुझ्या डोक्यावर ओतीन. चढाला लागतं तेवढं ते जाड आहे आणि सकाळी चढतं तेवढं पातळ. आणि यापुढे नेहमीच्या निम्मे किलोमीटर झाले की तेल बदलायचं. थांब्यावर गाडी बंद.”

“आणि सीट कशी भरायची?” गोरखने विचारले.

“वेळेनं. जव्हारहून दहाला, एकला, चारला. भरली तरी सुटेल, नाही भरली तरी सुटेल.”

“तू काय एसटी काढली का?”

“एसटीला तिच्या वेळा आहेत. आता आपल्यालाही आहेत.”

पहिल्या दिवशी दहाला गाडी सुटली तेव्हा आत तीन माणसे होती आणि त्यांतली एक मी. मागून कोणीतरी ओरडले, “डोकरीची एसटी चालली रे, बाजूला व्हा!” सगळा थांबा हसला. गोरखने खाडकन गिअर टाकला. वाटेत चार माणसे मिळाली, तरी त्याचे तोंड उतरलेलेच. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन. चौथ्या दिवशी इंजिन बंद असताना त्याचा हात आपोआप चावीकडे गेला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने हात मांडीवर ठेवला. मी रोज पुढच्या सीटवर जाऊन बसत राहिले. माझ्या निर्णयाबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की मुलाचा धीर लोकांच्या सवयीपेक्षा जास्त टिकतो की नाही.

सवय आधी मोडली ती रामीची. धुरात बसून वाट पाहण्यापेक्षा बाजार पुरता करून एकला यावे, गाडी हमखास मिळते, हे तिने ओळखले आणि चार बायकांना सांगितले. मग शाळेचे मास्तर वेळेवर येऊ लागले. दवाखान्यात आलेली माणसे डॉक्टरांना सांगू लागली, आमची चारची गाडी आहे. त्या फेरीला पुढच्या-मागच्या कुठल्याच सीटवर जागा राहीनाशी झाली.

तेल मी स्वतः पाहत होते. पट्टीवरची पातळी आता खुणेच्या वर गेली नाही. किलोमीटर अर्धे होताच तुकाने तेल काढले. काळे होते, पण बोटाला धरून राहत होते, आणि डिझेलचा वास नव्हता. तुकाने ते गोरखच्याही बोटावर लावले. गोरखने ते बराच वेळ चोळून पाहिले आणि पँटला पुसले. कपडे धुताना पुष्पा ओरडेल याची पर्वा न करता.

पुढच्या बाजाराला मोखाड्याहून येसू आला. जाडजूड माणूस, गळ्यात मफलर. आपण केलेला फोन गोरख बहुधा विसरला होता. येसू विसरला नव्हता. त्याने जीपभोवती फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि बॉनेटवर थाप मारली.

“चालू करून दाखव. आवाज ऐकतो.”

गोरख काच पुसत होता. त्याने वर पाहिले नाही.

“आता नाय. एकला चालू होईल.”

“अरे, गिऱ्हाईक हाय मी!”

“हे सगळे गिऱ्हाईकच हायत,” गोरख म्हणाला आणि फडके झटकले. “दाभोशाला यायचं असंल तर मागं जागा हाय. पुढं आये बसते.”

येसूने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. एक वाजत आला होता, आणि मागून रामी त्याला सांगत होती, बसायचं तर बस रे बाबा, दार अडवू नको.