गाडी कोण चालवत होतं

आष्ट्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत अंकिताने पुन्हा पर्स उघडून पाहिली. राजवर्धनचा धापेचा स्प्रे जागेवर होता. आत्ताच तर पाहिला होता, पण हाताला चैन नव्हती. तीन वर्षांचं पोर मांडीवर झोपलेलं, आणि तिचा दुसरा हात त्याच्या छातीवर. शेजारी सासरे, भाऊसो, इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले, जसे काही परेडला निघालेत.

गॅरेजवाल्या लालासाहेबांचा सकाळीच फोन आला होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर आज येतोय, तो बघून गेल्याशिवाय गाडीचा एक बोल्टही खोलता येत नाही, आणि अपघाताच्या वेळी जो कोणी गाडी चालवत होता त्याने लायसन घेऊन हजर राहायचं.

चालवत होती अंकिता. आणि हे तिच्याखेरीज एकट्या भाऊसोंनाच ठाऊक होतं. म्हणजे, तिला तसं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडून परतताना दिवस मावळला होता. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेला राजवर्धन खोकायला लागला. त्याच्या खोकल्याच्या शेवटी कधी कधी एक बारीक शिट्टी येते. ती आली, आणि अंकिताने मान वळवली. पुन्हा समोर पाहीपर्यंत कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली अंगावर आली होती. ब्रेक लागला, पण उशिरा. डावा दिवा, बॉनेट, रेडिएटर, सगळं आत गेलं. पोराला साधं खरचटलंही नाही. ट्रॅक्टरवाल्याने पोर बरं आहे ना एवढं विचारलं आणि तो निघून गेला. भाऊसो कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले, आधी नातवाला चाचपून पाहिलं, मग तिच्या मुठीतून चावी काढून घेतली.

"गाडी मी चालवत हुतो," ते म्हणाले. "घरात, गावात, कंपनीत, समद्यास्नी ह्येच सांगायचं."

तिनं मान हलवली होती. कारण घरात बयाबाई होत्या. कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर सुनेला गाडी शिकवायचं भाऊसोंनी काढलं, तेव्हाच सासूबाईंनी विचारलं होतं, पोर संगट घिऊन ही बाई रस्त्याकडं बघणार का पोराकडं, दोन डोळ्यांचं मानूस हाय ते. आता त्यांना कळलं की चावी त्यांच्या कपाटात जाणार, हे अंकिता धरून चालली होती. नवरा, वीरधवल, फौजेत, सीमेवर, सुट्टी थेट उन्हाळ्यात. भाऊसोंना अंधार पडल्यावर नीट दिसत नाही. आणि राजवर्धनला धाप लागते ती नेमकी तिन्हीसांजेला. गाडी आणि ती चालवणारी ती, यातलं एक जरी गेलं तरी पोराला वेळेवर दवाखान्यात कसं न्यायचं, हाच घोर तिला लागला होता.

गॅरेजमध्ये गाडी तोंड फुटल्यासारखी उभी होती. सर्व्हेअर आवटी म्हणून होते, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढत होते. त्यांनी लायसन मागितलं. भाऊसोंनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढून दोन्ही हातांनी पुढं केलं.

आवटींनी ते उलटसुलट पाहिलं. "काका, हे तर केव्हाच संपलंय."

"संपलंय म्हंजे? गाडी चालवाय इसरलो का काय मी?"

आवटी हसले. भाऊसो हसले नाहीत. फौजेत उभी हयात गाडी चालवली, बर्फात, कड्यावरून, अख्खी पलटण मागं बसवून. तिथनं आल्यापासून आष्ट्याच्या नाक्यावर आपल्याला कुणी थांबवलं नाही की लायसन विचारलं नाही, असं त्यांनी ऐकवलं. ते नवं करून घ्यायला लागतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते फौजेनं दिलेल्या मेडलसारखं होतं. मेडल कुठं संपतं?

आवटींनी ऐकून घेतलं, आणि मग आवाज न चढवता सांगितलं की चालवणाऱ्याकडे चालू लायसन नसेल तर क्लेम मंजूर होत नाही.

अंकिताला भाऊसोंची मान पहिल्यांदाच थोडी वाकलेली दिसली. तिचं स्वतःचं लायसन पर्समध्येच होतं, स्प्रेच्या कप्प्यात. तिची नजर गाडीच्या उघड्या दारातून आत गेली. ड्रायव्हरची सीट स्टेअरिंगला चिकटेल इतकी पुढं ओढलेली होती. तिच्या उंचीला लागते तशी. भाऊसोंचे गुडघे तिथं मावलेच नसते. आवटी वाकून अजून पुढचे दिवेच बघत होते. तिने आत हात घातला, सीटखालची पट्टी बोटांना लागली. एक ओढ, आणि सीट मागं. पण मग लायसनचं काय? आणि सीट मागं सारली तरी त्या म्हाताऱ्या माणसाला खोटेपणात आपणच बसवतोय, त्याचं काय?

तिने हात काढून घेतला.

"साहेब, गाडी मी चालवत होते."

"अंकिता," भाऊसो म्हणाले.

"मामा, राहू दे आता." तिने लायसन आवटींच्या हातात दिलं. "पोर खोकलं म्हणून मी मागं पाहिलं. मामांनी माझ्यासाठी स्वतःचं नाव घेतलं."

आवटींनी लायसनवरची तारीख पाहिली, त्याचा फोटो काढला. मग म्हणाले, आधी वेगळं का कळवलं हे कंपनी विचारणार. घडलं तसं लिहून द्या, मी माझ्या रिपोर्टला जोडतो, मंजूर होईलच असं मात्र सांगत नाही.

परतीच्या एसटीत भाऊसो खिडकीबाहेर बघत राहिले. आष्टा जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्या सासूला मी सांगतो."

"नको. मी सांगते."

बयाबाई भाकऱ्या थापत होत्या. अंकिताने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, शिट्टीचं, मान वळवल्याचं, लायसनचंसुद्धा. बयाबाईंचा हात थांबला नाही.

"मला काय कळलं नव्हतं व्हय? दिस मावळल्यावर ह्यास्नी ताटातली भाकर दिसत न्हाई, आन् म्हनं गाडी चालवत हुते."

मग त्या उठल्या, हात पुसले, भाऊसोंच्या शर्टाच्या खिशातून चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

पुढचे दिवस ती गाठ घरभर फिरत होती, आणि अंकिताची नजर तिच्या मागं मागं. तिन्हीसांज झाली की ती राजवर्धनच्या छातीला कान लावून बसायची. दवाखाना गाठायची वेळ आलीच तर म्हणून गल्लीत कुणाच्या दारात मोटारसायकल उभी आहे, ते आधी बघून ठेवायची. कंपनीचा फोन नाही. तिनं वीरधवललाही कळवलं. तो म्हणाला, आईपुढं मीसुद्धा काही बोलू शकत नाही. त्या दिवशी तिला पहिल्यांदा हसू आलं.

शेवटी फोन आला तो लालासाहेबांचा. कंपनीने क्लेम मंजूर केला होता, गाडी खोलायला घेतो म्हणाले. अंकिताने ते स्वयंपाकघरात सांगितलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. चावीचं विचारायचं धाडस होत नव्हतं.

बयाबाईंनी राजवर्धनला जवळ ओढलं, पदरानंच त्याचं नाक पुसलं. चावी त्याच्या गालाला लागली.

"गाडी आली की मला मागं बसीव, ह्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "खोकला तर मी हाय. तू फुडं बघ."