डोणीतला दोरा

सूत्रानंद महाराजांचा हिशेब सुटसुटीत होता : एक दोरा, एक गाय. बोरवाडीत गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणी तेवीस. एकही डोण चुकली नाही, तर गाई तेवीस. सहा गाई आठवड्यातच महाराजांच्या मठावर पोचल्या होत्या. मठ म्हणजे चार पत्रे आणि एक भगवं फडकं. आज सातवी पाळी रतनबाईच्या हरणीची होती, आणि तमाशा बघायला अख्खी वाडी तिच्या अंगणात लोटली होती. पोरं लिंबावर, बायका ओट्यावर, आणि आक्काबाई तर हातात हळदीची वाटी तशीच घेऊन धावत आलेली.

महाराजांनी गावाची नस बरोबर पकडली होती. घोडेगावच्या बाजारात गाय विकली तरी तिचं दावं कोणी देत नाही. विकणारा ते सोडून घरी नेतो आणि गोठ्यात टांगतो. गाय गेली तरी बरकत घरात राहावी म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात वाडीनं गुरं विकली आणि दावी ठेवून घेतली. आता चौऱ्याहत्तरात नवी गुरं आणली, ती अर्थातच बिनदाव्याची. रतनबाईचं पोट त्यावरच चालायचं. ती दावी वळून बाजारात विकायची. नव्या गाईला नवं दावं लागणारच.

"दावं मागे राहिलं," महाराज गरजले, "पण त्याची छाया गाईच्या मागोमाग आली! ती पाण्यात उतरते. जुना मालक तिकडून ओढतो, आणि इकडे घरातला जीव खेचला जातो! आधी दूध, मग लेकरू! गाय मठाला सोडा, तरच छाया सुटेल!"

 रतनबाईच्या सुनेला अंगावर दूध नव्हतं. महिन्याचा नातू हरणीच्या दुधावर होता. गाय द्यावी तर पोर उपाशी, ठेवावी तर पोर खेचलं जाणार.

"डोणीतली बुळबुळ आण, माई."

रतनबाईनं डोणीच्या आतून बुळबुळीत थर खरवडला. महाराजांनी तो पेल्यात घातला, वर बाटलीतलं 'मानसतीर्थ' ओतलं, बाभळीच्या काडीनं ढवळलं आणि काडी हळूच वर उचलली. काडीला चिकटून एक चकाकता दोरा वर आला. वीतभर, मग हातभर!

"आऽऽऽ!" लिंबावरची पोरंसुद्धा फांदी सोडून हात जोडायला निघाली.

"दावं हाय, दावं!" सूर्यभान पाटील ओरडले. "गाठबी दिसतीया मला!"

"पाटील, चष्मा घरी इसरलाय तुमी," मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं. इब्राहिम नालबंदाची मुलगी फरीदा होती ती. पुण्याला जंतूंचं शास्त्र शिकणारी, कालच सुट्टीला आलेली.

"हसतीस काय गं?" रतनबाई खेकसली. "हितं माज्या नातवाचा जीव टांगलाय!"

"मावशी, असला दोरा आम्ही कॉलेजात रोज काढतो. मार्क मिळतात, गाय नाही मिळत."

तिनं बाटली उचलली आणि दोन थेंब आक्काबाईच्या वाटीत टाकले. हळद लालभडक झाली.

"चमत्कार!" महाराजांनी संधी साधली.

"कसला चमत्कार?" आक्काबाई फणकारली. "लुगड्यावरच्या हळदीला साबण लावला की अशीच लाल व्हती. धुनं कधी धुतलंया का, महाराज?"

"साबण करायचा कॉस्टिक सोडा आहे हा," फरीदा म्हणाली. "बोट बुडवू नका, कातडं सोलेल."

महाराज उसळले. "पापी नजर! अरे, तीर्थ काही असो, पवित्र भांड्यातून दोरा निघतच नाही!"

इथे महाराज चुकले. बाजारात दावी विकणाऱ्या बाईसमोर एवढा मोठा शब्द टाकायचा नसतो.

"व्हय का?" रतनबाई म्हणाली. "मग तुमच्या कमंडलूतलं बगू."

"ते बारा वर्षांत कुणी शिवलेलं नाही!"

"धुतलंबी न्हाई म्हना की." तिनं पाया पडायला म्हणून वाकून कमंडलूत हात घातला आणि नखांनी आतलं बूड खरवडलं. हिरवट, चिकट गोळा निघाला. फरीदानं तो नव्या पेल्यात घातला, वर मानसतीर्थ ओतलं, ढवळलं, काडी उचलली. वीतभर. हातभर. दीड हात!

 रतनबाईनं कंबरेवर हात ठेवले. "महाराज, तुमाला कंच्या बाजारात इकलं? अन् तुमचं दावं कुनी ठिवून घेतलं?"

हशा असा उठला की लिंबावरून दोन पोरं खरंच खाली आली. हरणीसुद्धा हंबरली. सूर्यभान पाटील हसून हसून खोकले, आणि मग त्यांना आठवलं की त्यांची गायही मठातच आहे.

फरीदानं घासलेल्या तांब्यातलं उकळलेलं पाणी तिसऱ्या पेल्यात घेतलं आणि तीर्थ घालून ढवळलं. दोरा नाही.

"पर मग ह्यो दोरा हाय तरी काय?" रतनबाईनं विचारलं. हसणं संपल्यावरचा खरा प्रश्न तोच होता.

"बुळबुळीत कोट्यवधी जंतू असतात. एकेक जंतू म्हणजे डोळ्याला न दिसणारी पिशवी. आपल्या पेशीत दोऱ्यांसाठी वेगळी खोली असते. जंतूच्या पिशवीत खोली नाही, पडदा नाही. तरी त्याच्या आत एक लांबलचक दोरा असतो, जंतू कसा जगेल ते सगळं त्यावर लिहिलेलं. तो पिशवीच्या सातआठशे पट लांब."

"खोटं! एवढा मावंल कसा?"

"तुम्हीच सांगा. विकायला वळलेलं एखादं दावं घ्या, त्याची दोन टोकं जोडा आणि पीळ द्या."

रतनबाईनं टोकं जोडून कडं केलं आणि पीळ भरला. दावं आपोआप स्वतःवर चढलं, वेटोळ्यात वेटोळं घालून आखडत गेलं. तिनं मध्ये मध्ये चिमटीत धरलं आणि ते मुठीएवढं झालं.

"अगं बया! जंतूबी दावी वळत्यात?"

"त्यांच्या दोऱ्यालाही बहुतेक टोकं नसतात, कडंच असतं. पीळ भरून वेटोळी करतात आणि ती जागोजागी धरून ठेवतात. एका वेटोळ्याचा पीळ सुटला तरी बाकीची सुटत नाहीत. हे कळून दोनतीनच वर्षं झालीत. सोड्यानं पिशव्या फुटल्या की दोरे भसकन बाहेर येतात आणि एकमेकांत गुंततात. काडीला लागतो तो असल्या लाखो दोऱ्यांचा गुंता."

"म्हंजी ह्यात जुना मालक न्हाई?"

"नाही. डोण न घासणारा नवा मालक आहे."

गावाला हे लागलं, पण पटलं. महाराज तेवढ्यात बांधावरून निघाले होते. त्यांना कोणी हात लावला नाही, फक्त पोरं हंबरत वेशीपर्यंत पोचवायला गेली.

बाबांनो, डोळ्यांनी दोरा दिसला म्हणजे त्याची गोष्टही खरी, असं नसतं. दोरा खराच होता. खोटी होती ती त्यावर बांधलेली भीती. जो तुमचं भांडं तपासतो, त्याचं भांडं आधी तपासा. स्वच्छ भांड्यात काय होतं, तेही बघा. एवढ्याला पुण्याचं कॉलेज लागत नाही.

आता ह्या फसवणुकीची किंमत कोणी काय भरली ते. सहापैकी पाच गाई परत आल्या. सहावी गहिनीनाथची. सगळ्यांत आधी विश्वास त्यानं ठेवला होता, म्हणून त्याची गाय महाराजांनी सगळ्यांत आधी विकून टाकली होती. ती सापडली नाही. पहिल्या दिवशी त्याच्या अंगणात रतनबाईही हात जोडून उभी होती. ती आता रोज सकाळी तांब्याभर दूध त्याच्या घरी पाठवते. गहिनीनाथनं गाय भरली, रतनबाई दूध भरते. त्या दिवशी बाकीचेही तिथंच उभे होते. त्यांनी अजून काही भरलेलं नाही.