बिनदुधाचं घर

दोन भिंतींचा कोपरा तळहातांत धरून ती ओट्याशी वाकून उभी होती. आयसिंग सुकेपर्यंत हलायचं नाही, अशी मुलीची ताकीद होती. हीच ताकीद तिने स्वतः बेकरीत हाताखालच्या कितीतरी पोरींना दिली होती. आता आपल्याच स्वयंपाकघरात ती मुकाट्याने ऐकून घेत होती आणि नाकाच्या शेंड्याला सुटलेली खाज सोसत होती.

सुंठ-दालचिनीच्या बिस्किटांचं घर ती दर वर्षी सुट्ट्यांत करायची. बेकरी सोडल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं. पूर्वी त्यात लोणी, मध, अंडी सगळं सढळ हाताने पडायचं. यंदा लोण्याच्या जागी खोबऱ्याचं तेल आलं, मधाच्या जागी काकवी, आणि आयसिंग तर चक्क हरभरे उकडलेल्या पाण्याचं. ते पाणी अंड्यासारखं फुगतं यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. मुलीने फेटलेलं भांडं तिच्या डोक्यावर उलटं धरलं आणि थेंबही पडला नाही, तेव्हा कुठे तो बसला.

मुलीने दूध, अंडी, मध असं प्राण्यांकडून येणारं सगळंच सोडलं त्याला बरेच दिवस झाले. आईने आधी ते हसण्यावारी नेलं. मग पोरगी वाळलेली दिसली, म्हणून तिच्या सुपात गुपचूप चमचाभर लोणी घालायला सुरुवात केली. मुलगी आवडीने प्यायली. एके दिवशी सूप गार झालं आणि वर पिवळा थर धरला. भांडण असं झालंच नाही. आपण काय खातो ते आपल्याला माहीत असावं, एवढीच अपेक्षा होती, असं म्हणून मुलीने वाटी सरकवली. पुढच्या खेपेपासून ती येताना स्वतःचा डबा आणू लागली. आईच्याच टेबलावर बसून तो खायची आणि विसळून पिशवीत ठेवायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; हिला तर दूधही नको होतं आणि ताकही. पण अर्ध्या गावाला आपल्या हातचं खाऊ घातलेल्या बाईला तो डबा फार लागला. तिने तसं कुणाला बोलून दाखवलं नाही.

ह्या वेळी मुलीने बॅग उघडली तेव्हा आईने चोरून पाहिलं. डबा नव्हता. शिवाय आज सकाळी, पीठ तूच मळ, भाजूनही ठेव, जोडायला मी येते, असं सांगून ती मैत्रिणीला भेटायला गेली आणि सगळं स्वयंपाकघर आईच्या हवाली केलं. आईला झालेला आनंद लपवता येत नव्हता, म्हणून तिने ओव्हनचं दार उगाचच दोनदा पुसलं.

कोपरे धरले, चारही भिंती उभ्या राहिल्या. छप्पर बसलं. त्यावर मुलीने बदामाच्या कापांची कौलं एकावर एक लावली आणि साखरेने चिकट झालेले हात धुवायला ती आत गेली. तेवढ्यात नवरा चहाचं आधण ठेवायला आला. त्याने ओट्यावरचा कप उचलून आत पाहिलं.

"माझ्या चहाचं दूध कुठे गेलं? घरात मांजरही नाही."

कपाच्या तळाशी जेमतेम दूध होतं आणि त्यात ब्रश उभा होता.

ती ब्रशाकडे बघत राहिली. ओव्हनमध्ये जाणाऱ्या बिस्किटाला दुधाचा हात द्यायचा, म्हणजे वर चमक येते. बेकरीत हे काम हात तिला न विचारता करायचा. म्हणूनच आज तिने काकवीचं पाणी वाटीत कालवून ठेवलं होतं. छपराच्या वेळी ते आठवणीने लावलं. भिंतींच्या वेळी शेजारीण दारात येऊन बोलत राहिली, आणि हात आपल्या जुन्या वाटेने गेला. वाटी अर्धी भरलेली तशीच होती.

नवऱ्याच्याही लक्षात आलं. त्याने ब्रश धुतला, कप धुतला आणि खालच्या आवाजात म्हणाला की एवढ्याशा दुधाने काय होतंय, कुणाला कळणारही नाही. मग त्याने निमूटपणे कोरा चहा केला. त्याला कोरा चहा अजिबात आवडत नसे.

ती घराचं दार नीट करू लागली. ते आधीच नीट होतं. सांगितलं, तर पुन्हा मुद्दाम केलं असंच पोरगी समजणार, आणि त्यात तिची चूक नाही. नाही सांगितलं, तर पुन्हा केलं हे खरंच होणार. तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने नळ सोडला आणि स्वच्छ भांडी विसळायला घेतली.

मुलगी हात पुसत आली. घराभोवती फिरून तिने ते सगळीकडून पाहिलं. भिंतींवर चमक काय सुरेख आलीय, असं बाबांना सांगितलं. बाबा कपात बघत होते. मग अर्धवट उघडं लावलेलं दार तिने अलगद सुटं केलं. पहिला घास दाराचाच घ्यायचा, हे तिचं लहानपणापासूनचं होतं.

"खाऊ नकोस," आई म्हणाली.

मुलीचा हात तोंडाजवळ थांबला.

"भिंतींना दूध लागलंय. दारालाही. मीच लावलं. मुद्दाम नाही, हात गेला."

शेजारणीचं, बेकरीच्या सवयीचं सगळं जिभेवर आलं होतं. सगळं खरं होतं आणि सबबीसारखं ऐकू येणार होतं, म्हणून तिने ते गिळलं. नळ चालूच होता. नवऱ्याने उठून तो बंद केला.

मुलीने दार बशीत ठेवलं. बोटं एकमेकांवर चोळून कण झटकले. मग वर छपराकडे पाहिलं.

"आणि छपराला?"

"छप्पर आधी भाजलं. त्याला काकवीचं पाणी लावलंय."

मुलीने मान हलवली. भिंतीच्या बाहेर आलेली छपराची कड दोन बोटांत धरून तिने मोडली आणि कौलासकट तोंडात टाकली. तिने ती हुंगून पाहिली नाही की उलटून पाहिली नाही.

"सुंठ जरा जास्त झालीय," चावता चावता ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडायला हात पुढे केला.