पहिला चमचा

"खा ना गं! गार होतंय!"

लियनने गरम साराचा वाडगा सासूपुढे सरकवला. सासूची नणंद समोरच बसली होती, तिचा चमचा तोंडापाशीच थांबला.

"ऐकलंस ना वहिनी? कुत्र्याला घास टाकावा तशी बोलते ही तुला."

"नवी आहे हो, वन्सं," लियनची सासू मालने म्हणाली. नणंद तिच्याहून दहा वर्षांनी धाकटी. पण मालनेने तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली! आता तुझ्या सत्तरीला सगळं घराणं इथे बेटावर जमेल. त्यांच्यासमोर अशी बोलली तर काय म्हणतील लोक? आईबापांनी काही वळणच लावलं नाही म्हणतील!"

व्हिएतनामहून आलेल्या लियनला त्यातलं अर्धंमुर्धंच कळलं. 'आईबाप' तेवढं नेमकं कळलं. मान खाली घालून ती वाडगे उचलू लागली.

मालने या घरात नवरी होऊन आली, तेव्हा हेच वाक्य तिने याच ओसरीवर ऐकलं होतं. तिचे आईबाप तर ती रांगत होती तेव्हाच गेलेले. मेलेल्या माणसांनाही लोक बोल लावतात.

नणंद पूल ओलांडून आपल्या घरी गेली. मालने अंगणात वाळत घातलेलं समुद्रशेवाळ उलटू लागली. चूक कुणाची? लेक कीहो, लियनचा नवरा, झुंजूमुंजू व्हायच्या आधी समुद्रावर जायचा आणि आला की झोपायचा. मग लियनचं सगळं कोरियन मालनेच्याच तोंडून उचललेलं. ऊठ, खा, आण, नीज. सासूने ओंजळीत जे घातलं, ते पोरीने प्रेमाने परत दिलं होतं.

"भाषेच्या शाळेत शिकवतात ना गं तुला, मोठ्यांशी कसं बोलायचं ते?"

"शिकवतात. पूल ओलांडेपर्यंत सांडतं," लियन म्हणाली.

त्या संध्याकाळी मालनेने भाताचा वाडगा दोन्ही हातांनी सुनेपुढे ठेवला आणि कमरेत वाकली.

"सूनबाई, चिंजी घ्यावी आपण."

चिंजी म्हणजे वडीलधाऱ्यांचं जेवण. लहानांच्या पानाला हा शब्द कुणी लावत नाही. लियन घाबरून उभीच राहिली.

"भांडलात का गं दोघी?" कीहोने विचारलं.

"तू जेव गुपचूप."

"मी जेवायचं आणि तिने चिंजी घ्यायची?"

"कानावर पडल्याशिवाय जिभेवर कसं येईल रे?"

मग रोज तेच. आपली झोप झाली का? आपल्या पायांना बरं आहे ना? हे सगळे शब्द मालनेला तोंडपाठ होते. सासऱ्याचं ताट नेताना, सासूचं अंथरूण घालताना, नवऱ्याला उठवताना जन्मभर तिने ते वाहिले होते. तिच्या दारातून ते नुसते बाहेर गेले. उलट पावली एकही आला नव्हता.

शेजारीण कुंपणावरून हसली. "सासू सुनेपुढे वाकते! आता मासे झाडावर चढतील गं बाई!"

"चढू देत. वाळवायला बरे पडतील."

सत्तरीचा दिवस उजाडला. ओसरीभर माणसं, बसक्या टेबलांवर ताटं. वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सार घेऊन लियन आली. नणंदेची नजर तिच्या ओठांवर खिळलेली. लियन गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी वाडगा ठेवला.

"आई, चिंजी घ्यावी आपण."

मालनेने चटकन मागे वळून पाहिलं. दारात कोण आलं? सासरे? सासूबाई? जागा करून द्यायला ती अर्धी उठलीसुद्धा.

दारात कुणीच नव्हतं; सासू-सासरे जाऊन तर वर्षं लोटली होती. उन्हात शेवाळ वाळत होतं.

ती परत बसली. कुणीच जेवायला सुरुवात करत नव्हतं, पोरंसुद्धा हात मांडीवर ठेवून बसली होती. काय चुकलं, मालनेला कळेना.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "मोठ्या तुम्ही. तुम्ही चमचा उचलल्याशिवाय आम्ही कसा उचलणार?"

मालनेने चमच्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांचा चमचा उठायची वाट पाहिलेली. स्वतःचा पहिला कसा उचलतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. सारावरची वाफ विरत चालली.

लोणच्याची वाटी ठेवायच्या निमित्ताने लियन वाकली. सासूच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी पुटपुटली,

"खा ना गं. गार होतंय."

मालनेने चमचा उचलला.