एकुलतेपणाचा दाखला

नाजी चोवीस वर्षं एकुलता एक होता आणि त्याचा सगळा बेत त्या एका गोष्टीवर उभा होता. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला. इजिप्तमध्ये बाप जिवंत आणि मुलगा एकच, असं असलं तर सरकार त्या मुलाला सैन्यात ओढत नाही. म्हाताऱ्या बापाकडे बघायला कोणी नको का, एवढी दया सरकारपाशी आहे. पण ती दया हप्त्याहप्त्यानं मिळते. दर तीन वर्षांनी भरतीच्या कचेरीत जायचं, घरातल्या माणसांचा ताजा उतारा दाखवायचा आणि आपण अजून एकटेच आहोत हे सिद्ध करून नवा दाखला आणायचा.

या वर्षी दाखला संपायला आणि कुवेतची नोकरी यायला एकच गाठ पडली. नाजी एसी दुरुस्त करायचा, हात चांगला होता. कुवेतहून करार आला, व्हिसा आला आणि साखरपुड्याला दोन वर्षं झाल्यावर रीहामच्या वडिलांनी त्याला पहिल्यांदाच तोंड भरून "जेवून जा" म्हटलं. आता फक्त दाखला हवा होता. त्याशिवाय विमानतळावरचा शिपाईसुद्धा आत सोडत नाही. आणि नेमके त्याच वर्षी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आईला दिवस गेले.

"यांना काही वाटतं की नाही?" तो थोरल्या बहिणीला, अफाफला म्हणाला. बापाला म्हणायची सोय नव्हती.

"मला काय विचारतोस? मी होते का तिथे?" अफाफ म्हणाली. "आणि ओरडू नकोस. मन्सूरा शहरातल्या डॉक्टरनं मुलगी सांगितलीय."

मुलगी म्हटल्यावर नाजी निवळला. आईला रोज पेरू आणून देऊ लागला. मंगळवारी दुपारी दवाखान्याच्या जिन्यात नर्स आरोळी ठोकत आली, "मुबारक! मुलगा!" नाजीनं तिला बक्षिशी दिली आणि तिथेच पायरीवर बसला.

डोकं चाललं ते अफाफचं. जन्माची नोंद करायला पंधरा दिवस असतात. नाजीची कचेरीची तारीख अकराव्या दिवशी, विमान तेराव्या दिवशी. तोवर नोंद करायचीच नाही. गल्लीत सांगायचं, मुलगी झाली. नजर लागू नये म्हणून मुलाला मुलगी म्हणणं आपल्याकडे काही नवं नाही, उद्या खरं कळलं तरी कोणी नाव ठेवणार नाही.

"बाबा, कळलं का? मुलगी," ती बापाला म्हणाली.

"कळलं," शौकी म्हणाला. त्याचा चेहरा मात्र दिव्यांच्या माळा लावल्यासारखा झळकत होता. पंचावन्नाव्या वर्षी दुसरा मुलगा, आणि कोणाला सांगायचं नाही!

सातव्या दिवसाचा सोहळा झाला. बाळाला गुलाबी झबलं घालून चाळणीत ठेवलं, अफाफनं त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता दणादण वाजवला. "ऐक गं बये, आईचं ऐक! बापाचं मुळीच ऐकू नकोस!" बायका हसल्या, मीठ उधळलं. शेजारीण शौकीला म्हणाली, "असू दे हो, लेकी माया करतात." शौकीनं दात आवळले. नाजीनं ते पाहिलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी शौकी कहवाखान्यात गेला. जाऊ नका, असं नाजीनं चारदा बजावलं होतं. तिथे न्हावी मुतवल्लीनं सोंगट्या मांडता मांडता त्याला छेडलं, "चौथी ना रे, शौकी? त्या नाजीच्या वेळेलाच तेवढा तुझा नेम लागला म्हणायचा."

चारचौघं फिदीफिदी हसले. शौकीनं फासे फेकले.

"मुलगा आहे! मुलगा! हे बघा!" आणि त्यानं झब्ब्याच्या खिशातून दवाखान्याचा कागद काढून सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. मग काय, कडकडून मिठ्या, सगळ्यांना चहा शौकीकडून, आणि कोपऱ्यात उस्ताद फिक्री. हे गृहस्थ जन्मनोंदीच्या खोलीत कारकून. तीन हेलपाट्यांशिवाय यांनी आजवर कोणाचं काम केलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी त्यांना माणुसकीचा उमाळा आला. कागद आणि शौकीचं ओळखपत्र त्यांनी स्वतःच मागून घेतलं. "तुम्ही कशाला चकरा मारता? मी आहे ना." आणि शौकीनं दिलं. हे त्यानं घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. नाजीनं उघडलं तर फिक्री घामाघूम, एका हातात बसबूसा मिठाईचा पुडा, दुसऱ्या हातात जन्माचा दाखला. अजून शाई ओली वाटावी इतका ताजा.

"एका दिवसात! सख्ख्या भाच्याचंसुद्धा नाही केलं मी एवढ्या लवकर. बासिल शौकी अब्दुल-मौला. मुबारक, नाजी, पाठीशी भाऊ आला तुझ्या!"

या माणसाच्या अंगावर धावून जावं की भिंतीवर डोकं आपटावं, हे नाजीला कळेना. आणि करायचं काय, तर पाहुण्याला सरबत द्यायचं. त्यानं दिलं. फिक्रीनं दोन पेले घेतले.

तो गेल्यावर नाजी बापाकडे वळला. "दोन दिवस, बाबा. फक्त दोन दिवस राहिले होते!"

"सहन नाही झालं रे. सगळे दात काढत होते."

"माझी दोन वर्षं आता सैन्यात गेली. तुमचे दात काय घेऊन बसलात!"

"दोन वर्षांनी कोणी मरत नाही," शौकी चिडून म्हणाला. "मी तीन केली, वाळवंटात. गेलो तेव्हा सुतारकाम येत होतं, दमयात्तामध्ये उस्तादाच्या हाताखाली खुर्च्यांवर वेलबुट्टी कोरायचो. आलो तर..."

"आलात तर काय? बोला ना."

"माझ्या जागेवर दुसरा होता," शौकी हळूच म्हणाला. तेव्हापासून तो शाळेच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसत होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आतल्या खोलीतून आई रडत म्हणाली, "माझ्या बाळाला शिव्या देऊ नका रे." नाजीनं शिव्या दिल्या नव्हत्या. द्याव्याशा वाटल्या होत्या. पण ते पोर मुठी आवळून झोपलं होतं आणि त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, याचाच त्याला जास्त संताप आला.

संध्याकाळी मित्राचा, सबरीचा फोन आला. त्याची सैन्यातली वर्षं झालेली होती. आडवळणानं म्हणाला, "कुवेतवाले विचारत होते, तू नाहीसच तर... मी काही हो म्हटलेलं नाही." रीहामनं दोन वर्षांचं काही विचारलं नाही. तिच्या आईनं विचारलं.

तरीही अकराव्या दिवशी नाजी नवा सदरा घालून भरतीच्या कचेरीत गेला. कारकुनालाही बाप असेल, तो ऐकून घेईल, एवढीच आशा. तीन तास रांगेत उभा राहिला. खिडकीतला माणूस वयस्कर होता, चेहऱ्यानं भला वाटत होता. त्यानं उतारा उलगडला.

"भाऊ किती?"

"एक."

"वय?"

"अकरा दिवस."

मागची रांग खो खो हसली. कारकूनही हसला, आणि तो हसतोय तोवर नाजीनं घाईघाईनं बोलून घेतलं. "साहेब, बाबांना साखर आहे. पाय सुजतो, महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. मी गेलो तर त्यांच्याकडे बघणार कोण?"

कारकुनानं चष्मा सारखा केला. उताऱ्यावरून बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं.

"हा काय. बासिल शौकी अब्दुल-मौला. मुलगा." त्यानं शिक्का मारला आणि नाजीच्या खांद्यावरून मागे बघितलं. "पुढचा."